एनएफएचएस सर्व्हेत काय सुधारायला हवं ते नेमकं कसं कळवायचं

दर काही वर्षांनी पेपरात हेडलाइन येते की महाराष्ट्रात इतक्या बायकांना रक्तक्षय, इतकी मुलं कमी वजनाची, मग दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. हे आकडे येतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून, ज्याला फील्डवर सगळे नुसतं एनएफएचएस म्हणतात. पहिला राऊंड १९९२-९३ ला झाला, मग १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६, पाचवा २०१९-२१ आणि सहाव्याचं फील्डवर्क २०२३-२४ मध्ये. पाचव्या राऊंडमध्ये देशभरातली ६ लाख ३६ हजारांवर घरं आणि ७ लाख २४ हजारांवर बायका होत्या. कुठला जिल्हा मागे पडलाय, योजनेचा जोर कुठे लावायचा, हे बोलताना सगळे याच आकड्यांकडे बोट दाखवतात. आणि हा सर्व्हे चालवणारी संस्था, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, आपल्या मुंबईत देवनारला आहे, म्हणजे पत्र टाकायला फार लांब जायचं नाहीये.

सूचना बरेच लोक पाठवतात, पण "सर्व्हे नीट करा", "गरिबांचा विचार करा", "आदिवासी भागाकडे लक्ष द्या" अशा स्वरूपाच्या. मागणी योग्यच असते, पण टेबलावर बसलेल्या माणसाला त्यातून करता येण्यासारखं काही सापडत नाही. जे पत्र सांगतं की अमुक प्रश्नावलीतला अमुक प्रश्न, त्यात ही अडचण, तो असा विचारा, आणि असं केलं तरी जुन्या आकड्यांशी तुलना बिघडत नाही, ते पत्र बाजूला टाकणं अवघड असतं. तुम्ही आशाताई असा, अंगणवाडीत असा, शिक्षक असा, बचत गटात असा, हे तुम्हाला जमतं. उलट तुम्हालाच जास्त चांगलं जमेल कारण कुठल्या घरात काय शिजतं हे तुम्ही रोज बघता.

पहिलं काम, आपल्या जिल्ह्याची फॅक्टशीट, म्हणजे सर्व्हेतल्या मुख्य आकड्यांचं पत्रक, उघडा. नेटवर मिळते, थोडीच पानं असतात. मी उदाहरणं पाचव्या राऊंडची देतोय, तुम्ही लिहाल तेव्हा त्याच्या नंतरचं काही आलंय का ते आधी बघून घ्या. फॅक्टशीटमध्ये लोक सरळ आकड्यांवर उडी मारतात, पण आधी सुरुवातीची माहिती वाचा, तिथे फील्डवर्क कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत झालं ते दिलेलं असतं. हे महत्त्वाचं का, तर पावसाळ्यात जुलाब, ताप वाढतात, मुलांची वजनं उतरतात, त्यामुळे एक राऊंड उन्हाळ्यात आणि दुसरा पावसाळ्यात झाला असेल तर फरक पोषणाचा किती आणि ऋतूचा किती हा प्रश्न विचारायलाच हवा. महाराष्ट्रात उंचीच्या मानाने वजन कमी असलेली पाच वर्षांखालची मुलं चौथ्या राऊंडला २५.६ टक्के होती आणि पाचव्यालाही २५.६ टक्केच, देशाचा आकडा मात्र २१ वरून १९.३ वर आला. आपण हललोच नाही असं सरसकट म्हणायच्या आधी तारखा ताडून बघा.

मग कंस आणि तारा (*) बघा. आकडा कंसात असेल तर तो फक्त २५ ते ४९ जणांवरून काढलाय, आणि आकड्याच्या जागी नुसती तारा असेल तर २५ पेक्षाही कमी, म्हणून छापलेलाच नाही. जिल्ह्याच्या फॅक्टशीटमध्ये लहान बाळांच्या आहाराच्या ओळींवर ह्या तारा बऱ्याचदा दिसतात. म्हणजे जो जिल्हा कुपोषणासाठी सतत चर्चेत असतो त्याच्याच बाळांच्या ताटाबद्दल जिल्हा पातळीवर बोलता येत नाही असं होऊ शकतं. तुमच्या जिल्ह्यात असं असेल तर हाच तुमचा पहिला मुद्दा, की ह्या वयोगटाचा नमुना वाढवा, म्हणजे ह्या वयाची जास्त बाळं सर्व्हेत घ्या. आणि ठाणे-पालघरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, चौथा राऊंड २०११ च्या जनगणनेतल्या जिल्ह्यांवर होता, त्यामुळे जुनं ठाणे आणि नवं ठाणे समोरासमोर ठेवून ओरड करू नका, पत्राची किंमत जाते.

फॅक्टशीट झाली की प्रश्नावली डाउनलोड करा. इथेच बहुतेक जण थांबतात कारण ती लांबलचक आहे, पण खरा माल तिथेच आहे. चार प्रश्नावल्या असतात, घराची, स्त्रियांची, पुरुषांची आणि मोजमाप-तपासण्यांची. सगळ्या वाचायच्या नाहीत, तुमचा विषय जिथे आहे तेवढी पानं वाचा, पण ती शब्द न् शब्द वाचा.

एक उदाहरण घेऊ. लहान मुलाने काल दिवसभरात काय खाल्लं हे आईला विचारतात. त्यात धान्याच्या पदार्थांची एकच ओळ आहे, ब्रेड, रोटी, चपाती, भात, नूडल्स, बिस्किटं, इडली आणि धान्याचं इतर काही. आता विचार करा, सकाळी चहात बुडवून बिस्किटाचा पुडा संपवलेलं मूल आणि वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी खाल्लेलं मूल, दोघांनाही ह्या ओळीवर "हो". वरणाची नोंद डाळीच्या ओळीत होईल, बरोबर, पण धान्याच्या ओळीपुरती दोन्ही मुलं सारखी. अंगणवाडीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पाच-दहा रुपयांच्या पुड्यांनी बाळांची भूक किती मारली जाते. मोठ्या बायकांना विचारतात तो प्रश्न वेगळा आहे, दूध-दही, डाळी, हिरव्या पालेभाज्या, फळं, अंडी, मासे, चिकन-मटण, तळलेलं, कोल्ड्रिंक, हे रोज खाता, आठवड्यातून, कधीतरी की कधीच नाही. इथे ज्वारी-बाजरी-नाचणीला जागाच नाही, पुड्यातल्या खाऊला नाही, आणि पालेभाजीचं उत्तर पावसाळ्यात वेगळं आणि मे महिन्यात वेगळं येणार, कारण टाकळा, कुर्डू ज्यांच्या ताटात येतात त्यांच्याकडे ते सरींबरोबरच येतात. आपल्या भागात काय खाल्लं जातं आणि प्रश्नात काय बसतं ह्यातली फट शोधायची, एवढंच करायचंय. बघायला सोपं वाटतं पण दिल्ली-मुंबईत बसून ते दिसत नाही.

दुसरी फट असते, कोण सुटतंय. घरं निवडायची पद्धत अशी की आधी गाव किंवा शहरातला ब्लॉक निवडतात, मग तिथल्या सगळ्या घरांची यादी करून त्यातली २२ घरं काढतात, आणि घर बंद असलं तर शेजारचं घर घेत नाहीत, परत परत जाऊन बघतात. पद्धत चांगलीच आहे. पण बीडचा विचार करा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गावंच्या गावं रिकामी होतात, माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात आणि उन्हाळ्यातच परततात. टीम डिसेंबरात गावात गेली तर कुलूप, आणि फडावरच्या कोप्या कुणाच्या यादीत? ह्याच बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये एवढा गदारोळ झाला, सर्व्हेत तो प्रश्न आहेसुद्धा, पण ज्यांना विचारायला हवा त्या घरी असतील तेव्हाच विचारला गेला पाहिजे ना. म्हणून सूचना अशी द्यायची की बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांत फील्डवर्क जून ते सप्टेंबरात संपवा, आणि तात्पुरत्या वस्त्यांची यादी करायची पद्धत वेगळी लिहून काढा. वीटभट्टी, बांधकाम साइट, मेळघाटातून बाहेर पडणारी कुटुंबं, तुमच्या भागात जे असेल ते त्यांचे जायचे-यायचे महिने देऊन लिहा. कुठला गट कुठल्या महिन्यात गावात नसतो, ही माहिती तुमच्याइतकी पक्की कुणाकडेच नसते.

आता किमतीचं बोलू, कारण सूचना नाकारल्या जातात त्या बहुतेक इथे. स्त्रीची मुलाखत आधीच खूप लांब आहे, बाई स्वयंपाक, मूल, मजुरी सांभाळून बसलेली असते, आणि तुम्ही अजून पंधरा प्रश्न घाला म्हणालात तर शेवटी शेवटी ती "नाही नाही" म्हणून मोकळी होणार आणि डेटाच खराब होणार. म्हणून नवीन प्रश्न मागताना कुठला काढला तरी चालेल हेही लिहा. दुसरं, तुलना. प्रश्नाचे शब्द बदलले की मागच्या राऊंडशी नातं तुटतं. पण एका ओळीच्या दोन ओळी केल्या तर तुटत नाही, कारण दोन्हीपैकी कशालाही "हो" असेल ते मोजलं की जुना आकडा परत मिळतो. शक्य तिथे हाच मार्ग सुचवा. तिसरं, सगळे प्रश्न सगळ्या घरांत नसतात. पुरुषांची मुलाखत, घरातला हिंसाचार असे काही भाग चौथ्या-पाचव्या राऊंडला फक्त १५ टक्के घरांत होते, त्यामुळे हे राज्याच्या पातळीवर कळतं, जिल्ह्याच्या नाही. जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर त्याला किती घरं वाढवावी लागतील ह्याची जाणीव ठेवून मागा. आणि हिंसाचाराचा भाग घरातल्या एकाच बाईला, आणि ती एकटी असेल तरच विचारायचा असा नियम आहे, तो सैल होईल असं काही चुकूनही सुचवू नका, त्यावर तिची सुरक्षितता अवलंबून आहे.

मोजायची पद्धत बदलली की काय होतं ते रक्तक्षयावरून बघा. पाचव्या राऊंडला महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, आधी ४८ होता, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत ५३.८ वरून ६८.९. ही तपासणी बोटाला टोचून. पहिले दोन थेंब पुसून तिसरा घ्यायचा असतो, बोट दाबून दाबून रक्त काढलं तर त्यात पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. शिरेतून रक्त घेऊन २०१६-१८ मध्ये जो मुलांचा राष्ट्रीय पोषण सर्व्हे झाला त्यात देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ४१ टक्के आलं, तर एनएफएचएसच्या पाचव्या राऊंडमध्ये देशाचा आकडा ६७.१. वर्षं वेगळी, वयोगट थोडे वेगळे, तरी एवढी तफावत बघून तज्ज्ञांनी हरकती घेतल्या आणि सहाव्या राऊंडमधून ही तपासणी काढून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या सर्व्हेकडे देण्यात आली. अपंगत्वाचा प्रश्नही पाचव्यात नव्याने आला आणि सहाव्यात काढला. माझं स्पष्ट मत आहे की असे मोठे निर्णय व्हायच्या आधी लोकांना विचारलं पाहिजे, आणि ते विचारत नसतील तर आपण आधीच लिहून ठेवलं पाहिजे.

लिहायच्या आधी एकदा दहा-बारा बायकांना एकत्र बसवा, बचत गटाच्या मीटिंगनंतर अर्धा तास पुरतो. प्रश्नावलीतला तो एकच प्रश्न मोठ्याने वाचा आणि त्यांना उत्तर द्यायला लावा. कुठे अडखळतात, कुठे एकमेकींकडे बघतात, कुठे "म्हणजे काय ओ?" विचारतात ते टिपून घ्या. पूर्वी कुणाची मुलाखत झाली असेल तर किती वेळ लागला, सासू शेजारी बसली होती का, उंची-वजन कसं मोजलं, रिपोर्ट हातात दिला का, हे विचारा. पत्रात मात्र कुणाचं नाव, घर, आजार काहीही लिहायचं नाही.

पत्र एका पानाचं. साधारण असं,

"विषय: स्त्रियांच्या प्रश्नावलीतील ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या आहाराचा प्रश्न. पाचव्या राऊंडमध्ये रोटी, भात आणि बिस्किटं एकाच ओळीत आहेत. आमच्या तालुक्यात बऱ्याच मुलांना जेवणाऐवजी बिस्किट दिलं जातं, ते ह्या ओळीतून कळत नाही. विनंती आहे की बिस्किटं, केक, कुरकुरीत पुड्यातला खाऊ ह्यांची वेगळी ओळ करावी. बिस्किटं कुठल्या ओळीत नोंदली हे स्पष्ट राहिल्यास जुना आकडा काढता येईल. मुलाखतीत एकच प्रश्न वाढेल. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही ह्या वयासाठी अपायकारक खाद्यपदार्थांचा वेगळा निर्देशांक दिलेला आहे."

बस्स, एवढंच. एका पत्रात एकच मुद्दा, दुसरा असेल तर दुसरं पत्र. मराठीत लिहा, जमलं तर सोबत इंग्रजी किंवा हिंदी प्रत जोडा, कारण फाइल दिल्लीला जाते तेव्हा तिथे वाचणाऱ्याला सोपं जातं.

पाठवायचं कुठे? एक प्रत देवनारच्या संस्थेच्या संचालकांना, एक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला, एक राज्याच्या आरोग्य विभागाला आणि एक तुमच्या खासदाराला, कारण खासदार तोच मुद्दा संसदेत लेखी प्रश्न म्हणून विचारू शकतात आणि मग मंत्रालयाला उत्तर द्यावंच लागतं. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाकू नका, तिथे सूचना ही तक्रार धरत नाहीत, बंद करून टाकतात. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर जोडा. आणि वेळ बघा, प्रश्नावली पक्की होऊन टीमचं ट्रेनिंग सुरू झालं की काही बदलत नाही, त्यामुळे दोन राऊंडच्या मधला शांत काळ हीच पाठवायची वेळ.

काही महिने थांबून उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा, केंद्राचं ऑनलाइन पोर्टल आहे, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "माझी सूचना का घेतली नाही" असं विचारू नका, त्याला ते टोलवतात. कागद मागा, म्हणजे अमुक तारखेच्या माझ्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीची नोंद, पुढच्या राऊंडच्या प्रश्नावलीतल्या बदलांवर तांत्रिक समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि वगळलेल्या प्रश्नांची यादी कारणांसह नोंदवलेली असल्यास तिची प्रत. जे कागद येतील ते वाचून पुढचं पत्र लिहा, आणि त्यात आधीच्या पत्राची तारीख आणि आवक क्रमांक टाकायला विसरू नका.