अंदमानच्या बंदिवसाहतीचा सामाजिक इतिहास कसा अभ्यासावा

अंदमान म्हटले की मराठी वाचकासमोर प्रथम सेल्युलर जेल, कोलू आणि सावरकर बंधू उभे राहतात, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र तेथील समाजाचा इतिहास जाणून घ्यायचा असेल, तर अभ्यासाची सुरुवात या तुरुंगापासून करू नये. वसाहतीचा पहिला अधीक्षक डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर 10 मार्च 1858 रोजी दोनशे कैद्यांसह पोर्ट ब्लेअरला पोहोचला, तर सेल्युलर जेलचे बांधकाम 1906 साली पूर्ण झाले. म्हणजे वसाहतीची पहिली जवळपास पन्नास वर्षे या इमारतीविना गेली. त्यानंतरही बहुसंख्य कैद्यांचे आयुष्य बराकींत, जंगलतोडीत, शेतांत आणि खेड्यांत गेले. राजबंदी संख्येने थोडेच होते. 1901 च्या जनगणनेत वसाहतीची लोकसंख्या 16,106 भरली आणि त्यांपैकी सुमारे 12 हजार शिक्षा भोगणारे कैदी होते. अभ्यासाचा विषय हे लोक आहेत, हे प्रारंभीच ठरवून घ्यावे.

त्यानंतर शिक्षेची पायरी समजून घ्यावी, कारण ती न कळता एकही कागद नीट वाचता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नियमांनुसार जन्मठेपेचा कैदी पहिले सहा महिने सेल्युलर जेलमध्ये काढी, पुढील दीड वर्ष सामूहिक तुरुंगात, आणि नंतरची तीन वर्षे बराकीत राहून दिवसा पहाऱ्याखाली मजुरी करी. त्यापुढील पाच वर्षांत त्याला हलकी कामे, देखरेखीच्या किरकोळ जागा आणि थोडासा भत्ता मिळू शके. अशी दहा वर्षे पुरी झाली आणि वर्तणूक चांगली असली, म्हणजे त्याला ‘तिकीट’ मिळे. मग तो स्वतः शेती किंवा धंदा करून पोट भरी, घर बांधी, लग्न करी किंवा गावाकडून कुटुंब बोलावून घेई, फक्त परवानगीविना वसाहत सोडू शकत नसे. एखाद्या अर्जात कैदी जमीन मागतो, दुसऱ्यात जमादाराविरुद्ध तक्रार करतो, तेव्हा तो या पायऱ्यांपैकी कोठे उभा आहे हे आधी पाहावे. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो जमादार किंवा टिंडल (मजुरांवरचा मुकादम) हाही बहुधा कैदीच असे, हे ध्यानात घेतले की सत्तेचे चित्र पुष्कळ गुंतागुंतीचे होते.

कागदपत्रांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील गृह विभागाच्या पोर्ट ब्लेअर शाखेच्या फायली हा मुख्य आधार आहे. त्यांतील काही ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. मुंबई इलाख्यातून पाठवलेल्या कैद्यांचा माग काढायचा असेल, तर मुंबईच्या राज्य अभिलेखागारातील न्याय विभागाची दप्तरे चाळावीत. कैद्याच्या गळ्यातील लाकडी बिल्ल्यावर त्याचा क्रमांक, गुन्ह्याचे कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख असे. फायलींतही माणूस याच क्रमांकाने सापडतो, म्हणून नावापेक्षा क्रमांक टिपून ठेवावा. जातीचा रकाना मात्र जपून वाचावा. तो कारकुनाने भरलेला असे, आणि समुद्रापलीकडे आलेल्या माणसाला आपली जात नव्याने सांगण्याची संधीही होती.

सर्वांत अधिक वेळ स्त्रियांच्या नोंदींना द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वसाहतीचे रूपांतर समाजात झाले ते त्यांच्यामुळे. पुरुषांच्या तुलनेत त्यांची संख्या फारच कमी होती. अनेकींना बालहत्येसाठी किंवा पतीच्या खुनासाठी शिक्षा झालेली असे, आणि त्यामागे विधवेची कोंडी किंवा बालविवाह होता का, हे मूळ खटल्याच्या कागदांत शोधावे लागते. काही वर्षे स्त्रियांच्या तुरुंगात काढल्यावर त्यांना तिकीटवाल्या कैद्याशी लग्न करता येई. इच्छुक पुरुष तुरुंगात येऊन स्त्रियांच्या रांगेतून निवड करीत आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीने विवाहाची नोंद होई. धर्म एक असावा लागे, पण प्रांत, भाषा आणि जात यांची बंधने तेथे सैल झाली. या जोडप्यांची मुले ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि हिंदुस्तानी ही त्यांची घरची भाषा झाली. नोंदींत ‘पसंती’ दिसली तरी त्या स्त्रीला किती मोकळीक होती, हा प्रश्न अभ्यासकाने सोडू नये.

वसाहतीचा हिशेब केवळ आलेल्यांचा नाही. 1877 साली गोवराची साथ बेटांच्या मूळ रहिवाशांपैकी ग्रेट अंदमानी लोकांत पसरली आणि 1901 च्या गणनेत ते अवघे 625 उरले होते. पळालेले कैदी पकडण्यासाठीही त्यांचा वापर होई. पुढे 1921 च्या मलबारमधील उठावानंतर मापिला (मलबारी मुसलमान) कैदी, संयुक्त प्रांतातील भांतू जमातीचे लोक आणि ब्रह्मदेशातील कारेन समाजाची कुटुंबे येथे वसवण्यात आली. जुना नकाशा सोबत ठेवल्यास कालिकत, तिरूर, मलप्पुरम ही मापिला गावांची नावे किंवा अधिकाऱ्यांवरून पडलेली हंफ्रीगंज, विम्बर्लीगंज ही नावे वस्तीचा क्रम सांगू लागतात. अलीकडे बेटांची व शहराचीही नावे बदलली आहेत, म्हणून फायलींत शोध घेताना जुनेच नाव वापरावे.

वंशजांशी बोलताना ‘तुमच्या पूर्वजाचा गुन्हा कोणता?’ असे विचारू नये. लग्ने कोठे जुळली, सणांना कोण येई, जमीन कोणाच्या नावावर झाली, 1942 ते 1945 च्या जपानी ताब्यात घरातील कोण दगावले, अशा प्रश्नांनी अधिक माहिती मिळते. त्या तीन वर्षांत स्थानिक दप्तराचाही नाश झाला. त्यामुळे जमिनीच्या आणि लग्नांच्या बाबतीत घरात जपलेला एखादा दाखला अनेकदा एकमेव पुरावा ठरतो. त्याचे छायाचित्र मालकाच्या संमतीनेच घ्यावे आणि मूळ कागद त्याच घरी राहू द्यावा.