स्टार्टर फिरतो, इंजिन मात्र पेटत नाही: आधी पी-लीड तपासा

बॅटरी ठणठणीत आहे, स्टार्टर जोरात फिरतोय, इंधन पोचतंय, तरी विमानाचं इंजिन साधं खोकतही नाही. अशा वेळी हँगरमध्ये पहिला हात जातो तो प्लगकडे, दुसरा नव्या मॅग्नेटोच्या, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, ऑर्डरकडे. माझा हात मल्टिमीटरकडे जातो, कारण पुष्कळदा गोम एका साध्या वायरीत असते.

गाडीत किल्ली फिरवली की इग्निशनला करंट मिळतो. विमानात नेमकं उलटं असतं. मॅग्नेटो आपली वीज आपणच तयार करतो, बॅटरीशी त्याचं काही देणंघेणं नाही. स्विच 'ऑफ' केला की पी-लीड नावाच्या वायरीतून मॅग्नेटोची प्रायमरी कॉइल अर्थ होते, म्हणजे इंजिनच्या धातूला जोडली जाते, आणि ठिणगी थांबते. म्हणून ही वायर तुटली, तर स्विच काहीही सांगो, मॅग्नेटो जिवंतच राहतो. हीच वायर वाटेत कुठे इंजिनच्या धातूला टेकली, तर तो मेल्यासारखा गप्प बसतो. बाकी सगळी तपासणी याच्यावरच उभी आहे.

आता जिवाचं. पी-लीड सोडली की मॅग्नेटो सुरक्षित झाला असं समजू नका, त्या क्षणापासून तो चालू आहे. चाकांना ठोकळे (चोक), इंधन बंद, मिक्श्चरचा (इंधन-हवेच्या मिश्रणाचा) लिव्हर कट-ऑफला, थ्रॉटल बंद, आणि प्रत्येक सिलिंडरचा किमान एक प्लग बाहेर. प्रॉपेलरच्या फेऱ्यात कोणी उभं राहायचं नाही, 'फक्त बघतोय' म्हणणाऱ्यानेही नाही.

बॅटरीची वायर काढा. पी-लीड डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही मॅग्नेटोंवरून सोडा, मीटर ओहमवर लावा आणि एकेका लीडचं टोक ते इंजिनची बॉडी असं मोजा. किल्ली 'ऑफ'वर असताना दोन्ही लीड शून्याच्या आसपास हव्यात, 'बोथ'वर दोन्ही उघड्या, म्हणजे धातूपासून सुट्या. 'लेफ्ट'वर फक्त उजवी अर्थ, 'राइट'वर फक्त डावी. 'बोथ'वरही शून्य दाखवत असेल तर शॉर्ट सापडला. मग त्याच लीडचं स्विचकडचं टोक सोडून पुन्हा मोजा. शून्य गेलं तर स्विच दोषी, राहिलं तर वायर. वायर दोषी ठरली की पहिल्यांदा टोकं बघा. वायरीभोवतीच्या शील्डच्या जाळीची एखादी केसासारखी तार आतल्या कंडक्टरला शिवलेली असते आणि ती भिंगाशिवाय दिसत नाही. त्यानंतर क्लॅम्पखाली घासलेली जागा, फायरवॉलमधून (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीतून) जाण्याची जागा, एक्झॉस्टजवळ वितळलेलं इन्सुलेशन. एका विमानाचा डावा मॅग्नेटो बदलूनही तो गप्पच होता. दोष निघाला टोकाच्या एका तारेत, आणि जुना मॅग्नेटो ठणठणीत होता.

'स्टार्ट'वर किल्ली धरूनही मोजा, हे बरेच जण विसरतात. फक्त डाव्या मॅग्नेटोला इम्पल्स कपलिंग (सुरू करताना ठिणगी उशिरा आणि दमदार टाकणारी यंत्रणा) असेल तर सुरू करताना डावा उघडा आणि उजवा अर्थ हवा. त्यासाठी बऱ्याच किल्लीच्या स्विचमागे 'आर' (उजवा) आणि 'ग्राउंड' (अर्थ) टर्मिनलमध्ये एक छोटी पट्टी असते. स्विच नवा बसवताना ती राहून गेली, तर उजवा मॅग्नेटो मंद फेऱ्यांवरही वेळेआधीच ठिणगी टाकतो. मग प्रॉपेलर उलटा झटका मारतो आणि स्टार्टरचा जीव जातो.

वायरिंग स्वच्छ निघालं तर इम्पल्स कपलिंगकडे वळा. स्टार्टरच्या वेगावर मॅग्नेटोला दमदार ठिणगी जमत नाही. म्हणून कपलिंगमधले खटके त्याला क्षणभर अडवतात आणि पिस्टन वर पोचल्यावर आतली स्प्रिंग त्याला झटक्यात फिरवते. प्रॉपेलर चालण्याच्या दिशेने सावकाश फिरवा. चार सिलिंडरच्या इंजिनात एका पूर्ण फेरीत दोनदा 'खट्' ऐकू आलं पाहिजे. आलं नाही तर चिकट तेलाने किंवा चुंबकत्व आल्याने आतले खटके अडकलेले असतात. काही इंजिनांत इम्पल्सऐवजी सुरू करताना ठिणगीला जोर देणारा स्टार्टिंग व्हायब्रेटर असतो. तो बॅटरीवर चालतो, त्यामुळे तिथे किल्ली फिरवल्यावर गुणगुण ऐकू येते का ते पाहा, आणि त्याचं फ्यूज-वायरिंगही.

प्रत्यक्ष ठिणगी बघायची तर सगळे प्लग काढा, आपापल्या लीडवर लावा आणि त्यांची बॉडी इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. आधी फार प्राइम केलं असेल, म्हणजे सुरू करण्यासाठी जादा इंधन सोडलं असेल, तर थांबा, सिलिंडरमधून इंधनाची वाफ येत असते.

हार्नेस (मॅग्नेटोपासून प्लगपर्यंतच्या वायरींचा जुडगा) कोणी नुकताच उघडला असेल तर क्रम पडताळा. मॅग्नेटोवरचे आकडे सिलिंडरचे नसतात, ठिणगीच्या क्रमाचे असतात. चार सिलिंडरच्या लायकमिंग इंजिनाचा क्रम 1-3-2-4, म्हणजे दुसऱ्या टर्मिनलची लीड तिसऱ्या सिलिंडरला जाते.

प्लग मी शेवटी बघतो. ओले असतील तर सुकवा, आतल्या रेझिस्टरचा विरोध 5,000 ओहमच्या वर गेला असेल तर बदला. कडाक्याच्या थंडीत इंजिन एकदा पेटून विझलं, तर ज्वलनातलं पाणी इलेक्ट्रोडवर गोठतं आणि ठिणगी पडत नाही. त्यावर किल्ली पुन्हा पुन्हा फिरवून उपयोग नाही, इंजिन गरम करावं लागतं.

सगळं जोडून परवानाधारक इंजिनियरची सही झाली, इंजिन चालू झालं, की आयडलवर (सर्वांत मंद वेगावर) किल्ली क्षणभर 'ऑफ'ला न्या. इंजिन लगेच मरायला लागलं पाहिजे. नाही मेलं, तर मिक्श्चरने बंद करा, प्रॉपेलरवर 'मॅग्नेटो जिवंत' अशी पाटी लावा आणि पी-लीड पुन्हा उघडा.