अध्यक्षपद सोडल्यावरची जबाबदारी : महिला मंडळात नव्याने येणाऱ्या बहिणींसाठी

मी अध्यक्षपदावरून उतरले त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपल्यावर चर्चशेजारच्या खोलीत सभा बसली आणि नव्या अध्यक्षांनी सभेची वेळ बदलायचा विषय काढला. खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी एक शब्द बोलले नाही, पण नुसतं तोंड वाकडं केलं असतं तरी तो विषय तिथेच मिटला असता. पुढच्या सभेपासून मी अध्यक्षांशेजारची खुर्ची सोडली आणि भिंतीकडेच्या शेवटच्या बाकावर, सगळ्यांच्या पाठीमागे बसायला लागले.

मंडळात आलेल्या नव्या मुलींना सेक्रेटरीचं काम काय, खजिनदाराचं काय, हे कोणीतरी समजावतं. माजी अध्यक्षांचा उपयोग काय, हे मात्र कोणी सांगत नाही. तो मला ठेच लागून कळला.

माझ्या आधीच्या अध्यक्षांना आम्ही सगळ्या मावशी म्हणायचो. त्यांच्याकडून मी चार्ज घेतला तेव्हा किल्ल्या, पावतीपुस्तक, इतिवृत्ताची वही आणि धान्यवाटपाची यादी मिळाली. यादीत चौदा घरं होती. कारभार चोख असावा म्हणून मी ठरवलं, की प्रत्येकीने रविवारी मिस्सेनंतर येऊन सही करून पिशवी न्यायची. तेरा जणी आल्या. चौदावी आली नाही, पुढच्या महिन्यातही नाही. तिला गरज उरली नसेल असं समजून मी नावापुढे रेघ मारली. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यावर मावशींनी सहज विचारलं, “तिच्याकडे आता कोण जातं गं?”

त्या बाईंचे यजमान रेल्वेत चांगल्या हुद्द्यावर होते. ते असताना याच वाटपासाठी त्या स्वतः तांदूळ द्यायच्या. मंडपात रांगेत उभं राहून पिशवी घेणं त्यांना शक्यच नव्हतं. मावशी दिवेलागणीनंतर त्यांच्या घरी जायच्या, भाजीच्या पिशवीत धान्य घालून, आणि चहा पिऊन उठायच्या. हे कुठल्याच वहीत नव्हतं, लिहायचंही नव्हतं. मला ते दहा मिनिटांत विचारता आलं असतं. मी विचारलं नाही आणि एक घर दोन महिने धान्यावाचून राहिलं. त्याची खंत अजून जात नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं : पद मिळालं की पहिल्या पंधरवड्यात माजी अध्यक्षांच्या घरी जा. फोनवर नको. यादीतल्या एकेका नावावर बोट ठेवा आणि “इथे कसं जायचं?” असं विचारा. कोणत्या घरी सासूसमोर पैशांचा विषय काढायचा नाही, कुठे तेलुगू बोलणारी सोबत हवी, कुठे कन्नड, हे त्यांना पाठ असतं. विडी वळणाऱ्या बायकांकडे गेलात तर त्यांचं सूप खाली ठेवायला लावू नका. शेजारी बसा, पानं कातरता कातरताच त्या बोलतात, आणि त्यांचा दिवसाचा हिशेब चुकत नाही. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या भागात पाण्याचा दिवस, तिथल्या बायका सभेला येणारच नाहीत, मग विषय कितीही महत्त्वाचा असो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत वाटप ठेवलं तर गर्दीत अडकायला होतं. मावशी हे सगळं एका दमात सांगायच्या.

कागदोपत्री काम त्यामानाने सोपं. बँकेत सह्या बदलायला ठरावाची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांचे आधार, पॅन आणि फोटो लागतात. जुन्या सहीची गरज पडते म्हणून माजी अध्यक्षांना सोबत न्या. एका खेपेत काम होतं.

पद सोडावं लागतं ते योग्यच आहे. १९२१ मध्ये डब्लिनला सुरू झालेल्या लिजन ऑफ मेरी या कॅथलिक संघटनेत पदाची मुदत तीन वर्षांची, आणि त्याच पदावर सलग दोनच वेळा राहता येतं. २०२१ मध्ये व्हॅटिकनने आंतरराष्ट्रीय कॅथलिक संघटनांच्या मध्यवर्ती कार्यकारिणीतल्या पदांनाही मर्यादा घातली : एक मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, सलग दहाच्या वर नाही. आपलं मंडळ एका पॅरिशपुरतं, म्हणजे एकाच चर्चच्या परिसरापुरतं, त्याला तो नियम लागू नाही, पण त्यामागचा विचार मला पटतो. कॅनडातल्या कॅथलिक विमेन्स लीगमध्ये माजी अध्यक्षांना कार्यकारिणीतच जागा असते, सल्ल्यासाठी. आपल्याकडे तशी खुर्ची नसते, म्हणून नवीन अध्यक्षांनीच त्यांच्यापर्यंत जायला हवं.

आता माझ्यासारख्या उतरलेल्यांसाठी. सभेत “आमच्या वेळी” हे दोन शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. नवीन अध्यक्षांचं चुकतंय असं वाटलं तर संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन एकट्यात सांगा, आणि तरी त्यांनी आपलंच केलं तर त्यांच्यासोबत सतरंज्या उचला. तक्रार घेऊन कोणी तुमच्याकडे आली तर तिला अध्यक्षांकडेच पाठवा. हे फार जड जातं, कारण विचारलं जाण्याची सवय लागलेली असते. एक गोष्ट मात्र सोडू नका : दुखणाईतांच्या भेटी. त्या घरांना तुमचं पद माहीत नसतं, तुमचा चेहरा माहीत असतो.

सभेची वेळ शेवटी बदलली. मला ती सोयीची नाही, पण लेकुरवाळ्या मुली आता जास्त येतात.

गेल्या महिन्यात नव्या अध्यक्षांना मी त्या चौदाव्या घरी घेऊन गेले. दिवेलागण झाली होती. पिशवी मी त्यांच्याच हातात दिली होती. दार उघडल्यावर मी एवढंच म्हटलं, “ही आमची मुलगी, आता हीच येत जाईल.” बाईंनी दोघींना आत घेतलं आणि चहा टाकला. परतताना जिन्यात नव्या अध्यक्षांनी विचारलं, “पुढच्या वेळी तुम्ही याल ना?” मी नाही म्हटलं. परवा त्या एकट्याच जाऊन आल्या.