शॉर्टफिल्मचा विषय शोधताय? ट्विस्ट बाजूला ठेवा

सबमिशन तोंडावर आलंय, ग्रुप जमलाय, कुणाच्या तरी दादाचा कॅमेराही मिळतोय, फक्त विषय सुचत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी शेवट शोधतात. "शेवटी कळतं की आई मागच्याच वर्षी गेलेली असते!" झालं, सगळ्यांच्या अंगावर काटा आणि पटकथा सुरू.

यात मी चांगलाच अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो. ट्विस्ट आधी ठरला की उरलेली सात मिनिटं लपवाछपवीत जातात. आई स्वयंपाकघरात दिसते, पण बाबांनी तिच्याशी बोलायचं नाही. बेल वाजली तरी तिनं दार उघडायचं नाही. ताट वाढायचं, पण दोनच. नट विचारतो, "मी असा का वागतोय?" तुमच्याकडे उत्तर एकच, "प्रेक्षकांना कळू नये म्हणून." एवढ्यावर कुणाला अभिनय करता येत नाही हो. आणि प्रेक्षकांना दुसऱ्याच मिनिटाला कळलेलं असतं, कारण तुम्ही जे पाहिलंय तेच त्यांनीही पाहिलंय.

सर म्हणतील, वर्ल्ड सिनेमा बघा. बघा की, जन्मभर बघा. फक्त विषय ठरवायच्या आठवड्यात नको, तेव्हा दुसऱ्याच्याच फ्रेम सुचत राहतात. एआयकडून कथा लिहून घेणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, व्हायवात परीक्षक बोलतील.

घाबरू नका, सुचतं. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना थोडं थोडं करून टिपलं. ती 'अंकुराची वाढ' दाखवून त्यांना कर्ज मिळालं. त्यात ना संदेश होता ना धक्का. रोज डोळ्यांसमोर असलेली एक गोष्ट बदलताना दिसत होती, बस्स.

तुमची कुंडी शोधा. मला ती कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळाली. एक आजोबा बायकोचं आधार कार्ड घेऊन आले. कागद घड्यांवर फाटायला आलेला. तळहातानं दाबून सपाट करत होते. दुकानदार म्हणाला, "लॅमिनेट करून देतो की." आजोबा म्हणाले, "नको. मग तिच्या बटव्यात बसत नाही."

बटवा कुणाकडे असतो, ती घरी का थांबलीय, आजोबा घडी पुन्हा तशीच घालतात का? पटकथा या प्रश्नांतून निघते. नाही निघाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभे राहा.

मात्र संवाद लिहायच्या आधी दुकानदाराची परवानगी घ्या, आणि मोबाइलवर तिथला आवाज रेकॉर्ड करून ऐका. झेरॉक्स मशीन चालू असताना कुजबुज ऐकू येत नाही, आणि गिऱ्हाईक असताना तो मशीन बंद करणार नाही. रविवारी सकाळी दोन तास मिळतात का, ते विचारा.