दंड भरला तरी नोंद उरते: नोकरी, पासपोर्ट आणि बॅजचे अर्ज कसे भरावेत

पोळा आणि मारबतीच्या दिवसांत नागपुरात पत्त्यांचे डाव बसतात, कुठे तरी पोलिसांची धाड पडते, आणि पकडलेली मुले सिव्हिल लाइन्समधल्या न्यायालयात गुन्हा कबूल करून, थोडासा दंड भरून घरी परततात. घरच्यांच्या लेखी प्रकरण तिथेच मिटते. पुढे त्यांतला एखादा सरकारी भरतीत निवडला जातो, साक्षांकन नमुन्यातल्या, म्हणजे पूर्वेतिहास तपासण्यासाठी भरून घेतल्या जाणाऱ्या अर्जातल्या, अटक, दंड आणि शिक्षेविषयीच्या प्रश्नापुढे निःशंकपणे ‘नाही’ असे लिहितो, आणि खरी अडचण तेव्हा सुरू होते. कारण कबुली देऊन भरलेला दंड ही कायद्याच्या दृष्टीने दोषसिद्धीच असते. दारू पिऊन वाहन चालवल्याच्या खटल्यालाही हेच लागू आहे. म्हणून ‘कबूल करून मोकळे व्हा’ असे कोणीही सुचवले, तरी मान डोलावण्यापूर्वी याची नोंद पुढे कुठे कुठे दिसेल, हे वकिलाला स्पष्ट विचारून घ्यावे.

त्यानंतर आपले प्रकरण नेमके कोणत्या टप्प्यावर आहे, हे ठरवावे. अदखलपात्र तक्रार, म्हणजे बोलीभाषेतली ‘एनसी’, ही एफआयआर नव्हे. एफआयआर म्हणजे दोषारोपपत्र नव्हे, आणि दोषारोपपत्र म्हणजे शिक्षा नव्हे. तपासात पुरावा मिळाला नाही, तर पोलीस न्यायालयात समरी अहवाल, म्हणजे प्रकरण बंद करण्याविषयीचा अहवाल, पाठवतात. गुन्हा खरा पण छडा लागला नाही, तर ‘अ’ समरी. तक्रारच खोटी असेल, तर ‘ब’ समरी. आणि तक्रार गैरसमजातून झाली असेल, तर ‘क’ समरी होते. हा अहवाल दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केल्याचा आदेश हाती असल्याशिवाय ‘केस बंद झाली’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता भंगू नये म्हणून आधीच केलेल्या प्रतिबंधक कारवाईत, शिक्षा होत नाही, शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेतले जाते. परंतु काही नमुन्यांत बंधपत्राबद्दलही स्वतंत्र विचारणा असते, आणि तिथे ते लिहावेच लागते.

कागद जमवण्याचे काम अर्ज करण्याच्या पुष्कळ आधी करावे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की खटल्याची सद्यःस्थिती दिसते, पण कार्यालयात तो पडद्यावरचा उतारा फारसा उपयोगी पडत नाही. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्राची प्रमाणित प्रत काढावी, आणि एक नव्हे, दोन-तीन प्रती घ्याव्यात. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यामुळे जुन्या प्रकरणांत भारतीय दंड संहितेची, तर नव्यांत भारतीय न्याय संहितेची कलमे आढळतील. कागदावर जे कलम छापले आहे, तेच अर्जात उतरवावे.

नोकरीच्या नमुन्यात विचारलेल्या प्रश्नाचे शब्द सावकाश वाचावेत. ‘शिक्षा झाली आहे काय’ आणि ‘गुन्हा दाखल झाला होता काय’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि निर्दोष सुटलेल्या माणसाला दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात याविषयीची तत्त्वे घालून दिली आहेत. माहिती खरी आणि पूर्ण असावी, दडवलेली बाब किरकोळ असेल तर नियोक्ता ती माफ करू शकतो, आणि उमेदवाराने सर्व खरे सांगितले तरी त्याची पार्श्वभूमी तपासण्याचा नियोक्त्याचा अधिकार उरतोच. पोलीस भरतीत ही तपासणी अधिक कडक असते, आणि केवळ संशयाचा फायदा मिळून झालेली सुटका तिथे पुरेशी ठरेलच असे नाही. तरीही माझ्या मते अशा प्रसंगी जुन्या गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच अधिक महागात पडते.

पासपोर्टबाबत बराच गोंधळ आढळतो. पासपोर्ट कायदा, १९६७ मधील कलम ६ नुसार फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र न्यायालयाने दखल घेण्यापूर्वीची नुसती एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे. खटला चालू असेल, तर ज्या न्यायालयात तो आहे तिथे प्रवासाचे कारण देऊन परवानगीचा अर्ज करावा, आणि पासपोर्ट किती वर्षांसाठी द्यावा, हे आदेशात लिहून मिळावे अशी स्पष्ट विनंती करावी. १९९३ च्या अधिसूचनेनुसार आदेशात मुदत नसेल, तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, आणि दरवर्षी तीच धावपळ करावी लागते. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल, तर त्यानंतरची पाच वर्षे अर्ज नाकारला जाऊ शकतो.

ऑटोरिक्षाचा बॅज किंवा सुरक्षारक्षकाची नोकरी यांसाठी, तसेच मिहान, बुटीबोरी, हिंगणा या नागपूरलगतच्या औद्योगिक भागांतल्या बऱ्याच कंपन्यांतही पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो; शहरातील रहिवाशाने पोलीस आयुक्तालयाकडे, तर काटोल, उमरेडसारख्या भागांतील रहिवाशाने ग्रामीण पोलिसांकडे करावा. सुटका झालेली असेल, तर निकालाची प्रत अर्जासोबतच जोडावी, कारण पोलीस ठाण्याच्या नोंदीत निकाल चढलेला नसणे ही नेहमीची बाब आहे. भाड्याच्या घरासाठी घरमालक भाडेकरूची माहिती ठाण्याला देतो; जुनी नोंद असलेल्याला घर देऊ नये, असा मात्र कायदा नाही.

आपसांत मिटण्याजोगा गुन्हा न्यायालयात रीतसर मिटवला, तर त्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच होतो. इतर काही प्रकरणांत समझोत्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे एफआयआर रद्द करण्याची याचिका करता येते. पहिल्याच किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरण्याची वेळ आली, तर अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर किंवा समज देऊन सोडण्याच्या तरतुदीचा, लाभ मागण्यास वकिलाला सांगावे. त्याच्या कलम १२ मुळे शिक्षेसोबत येणारी अपात्रता लागत नाही. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, आणि १५१०० या क्रमांकावरही मदत मिळते.