ऑस्ट्रेलियात आलात तर कूकाबुरा असा बघा

कूकाबुरा म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेटचा बॉल आठवतो, पण तो मुळात पक्षी आहे, आपल्या खंड्याच्याच भावकीतला आणि सगळ्या खंड्यांत वजनाला भारी. ब्रिस्बेन-सिडनीला मुलांकडे आला असाल तर जंगलात जायची गरज नाही, निलगिरीची जुनी झाडं असलेली बाग पुरे.

फक्त नदीकाठी शोधत बसू नका. आपला पांढऱ्या छातीचा खंड्या कसा पाण्यापासून लांब तारेवर बसून सरडे-नाकतोडे उचलतो, तसंच ह्याचं, वर छोटे सापपण चालतात.

उजाडायच्या आधी उठा. पहिल्यांदा घशातल्या घशात खुदखुदल्यासारखं येतं, मग एकदम हाहाहा, मग घरातले बाकीचे सामील होतात आणि नुसता कल्ला, मला पहिल्या दिवशी वाटलं शेजाऱ्यांची रात्रीची पार्टी अजून चालूय. ते हसणं वगैरे काही नसतं, "ही हद्द आमची" असं सांगणं असतं. जरा थांबलात तर लांबून दुसऱ्या कुटुंबाचं उत्तरही येतं.

आता आवाजाच्या दिशेला उघड्या आडव्या फांद्या, कुंपणाचे खांब बघा. मोठं डोकं, जाडजूड चोच, डोळ्यावरून तपकिरी पट्टा, आणि हलत अजिबात नाही. तो खाली जिथे टक लावून बघतोय तिथेच तुम्हीपण बघा, कारण झेप एका क्षणात होते. मग शिकार चोचीत धरून परत फांदीवर, आणि धोबी कपडे आपटतो तशी आपटणार. शेपटीच्या वर कमरेवर चांगला निळा रंग दिसला तर बहुतेक नर.

खिमा घालू नका प्लीज, लोक घालतात आणि तो मेलेला खिमासुद्धा फांदीवर आपटतो, मजा वाटते, पण त्यात हाडं नसतात म्हणजे कॅल्शियम नाही, शिवाय सवय लागते. माझ्या हातातलं सॉसेज बार्बेक्यूच्या वेळी असंच गेलं, बोट वाचलं एवढंच.

सप्टेंबर ते जानेवारी घरटी, झाडाच्या ढोलीत नाहीतर झाडावरच्या वाळवीच्या वारुळात. आधीच्या वर्षांची मोठी भावंडं अंडी उबवायला, पिल्लांना भरवायला थांबतात, एकदम एकत्र कुटुंब. पण आत वेगळंच चालू असतं, पिल्लाच्या वरच्या चोचीला आकडा असतो आणि खाणं कमी पडलं की सगळ्यात धाकट्याला त्यानेच टोचून मारतात. ढोली सापडली तरी जवळ जाऊ नका, दुर्बिणीतूनच बघा.