जुन्या कागदावरील तिथीची आजची तारीख कशी काढावी

मोडी पत्र, शिलालेख किंवा इनामाची सनद हाती आल्यावर बहुतेक जण आधी शकात ७८ मिळवून मोकळे होतात आणि मूळ नोंद नीट उतरवून घ्यायचे राहून जाते. तसे करू नये. कागदावर असलेला शक, संवत्सराचे नाव, मास, पक्ष, तिथी, वार आणि सन यांतील जे काही वाचता येते ते जसेच्या तसे आधी लिहून घ्यावे, कारण पुढचे सारे गणित तपासण्याची साधने याच तपशिलात असतात. शिलालेखात आकडे नसून शब्द असतील तर ते उजवीकडून डावीकडे वाचावेत. रायगडावरील जगदीश्वराच्या लेखातील ‘षण्णवबाणभूमि’ म्हणजे सहा, नऊ, पाच, एक. उलट क्रमाने शके १५९६.

शकात ७८ मिळवण्याचा नियम चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालतो. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांच्या जन्माची जेधे शकावलीतील, म्हणजे जेधे घराण्याकडील शकवार घटनांच्या नोंदींतील, तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही आहे. येथे ७८ मिळवले तर १६२९ येईल आणि चूक होईल, ७९ मिळवल्यावर १६३० हे बरोबर वर्ष येते. खरी अडचण पौषाची असते, कारण तो कधी डिसेंबरात तर कधी जानेवारीत पडतो, म्हणून पौषातील तिथी जंत्री, म्हणजे तिथी व इसवी तारखा समोरासमोर देणारे कोष्टक, पाहिल्याशिवाय ठरवू नये. शकाचा आकडा पुसट असेल तर संवत्सर मदतीला येते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १५५१ मध्ये १२ मिळवले की १५६३ होतात, बाकी ३ उरते आणि तिसरे संवत्सर शुक्ल, जे शकावलीत दिलेलेच आहे. नाव जुळले नाही, तर शकाचा आकडा पुन्हा वाचावा.

मराठेशाहीच्या दफ्तरांत शकापेक्षा शुहूर सन अधिक भेटतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर सुरू होते. आज तो दिवस ७ जूनच्या सुमारास येतो, तर शिवकाळातील जुन्या इंग्रजी गणनेने तो मे महिन्याच्या चोवीस तारखेच्या आसपास येई. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार या दिवशी झाली. तेव्हा चालू असलेला सन ११६१, त्यात ६०० मिळवले की १७६१, आणि तारीख १४ जानेवारी. सबा म्हणजे सात व सबैन म्हणजे सत्तर, तिसा म्हणजे नऊ व तिसैन म्हणजे नव्वद. झिजलेल्या कागदावर ही जोडी फार सावकाश वाचावी. दख्खनी फसली, म्हणजे महसुली, सन शुहूरपेक्षा नऊने पुढे असतो, पण उत्तरेकडील फसलीची बेरीज वेगळी आहे, हे मुलुखाबाहेरच्या कागदांसाठी लक्षात ठेवावे.

शुहूर सनाबरोबर महिना मात्र हिजरी असतो आणि ‘छ’ या अक्षरानंतर चंद्राची तारीख दिलेली असते. शुहूरचे वर्ष साधारण ३६५ दिवसांचे व हिजरीचे ३५४ दिवसांचे असल्यामुळे वर्षारंभीचा एखादा हिजरी दिवस त्याच शुहूर वर्षाच्या अखेरीस पुन्हा येऊ शकतो. दोन्ही वेळा मृगाचाच सुमार असल्याने पत्रातील पेरणी-पावसाच्या उल्लेखावरून काही ठरत नाही. वार दिलेला असेल तर तोच निर्णय देतो, कारण ३५४ दिवसांत वार चार घरे पुढे सरकतो.

वाराला इतके महत्त्व देण्याचे कारण हेच की पंचांगे बदलली, सन बदलले, पण सात वारांची साखळी कधी तुटली नाही. इंग्रजांनी १७५२ साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरला, तेव्हाही बुधवारनंतर गुरुवारच आला. मराठ्यांच्या इतिहासातील १७५२ पूर्वीच्या रूढ तारखा बहुधा जुन्या, म्हणजे ज्यूलियन पद्धतीच्या असतात. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तशीच तारीख असून नव्या, म्हणजे ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १६ जून, शनिवार येतो. मोबाइलवरील कॅलेंडरमध्ये ६ जून १६७४ पाहिला तर बहुधा बुधवार दिसेल, कारण ते नवी पद्धत मागे ताणत नेते. पोर्तुगिजांनी नवी पद्धत १५८२ मध्येच स्वीकारली होती, म्हणून एकाच घटनेविषयी इंग्रज व पोर्तुगीज पत्रांत सतराव्या शतकात दहा दिवसांचा फरक दिसतो. त्यातच इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे सुरतेच्या पहिल्या लुटीचा जानेवारी त्यांच्या कागदांत १६६३/६४ असा दुहेरी लिहिलेला आढळतो.

याच राज्याभिषेकाविषयी जेधे शकावली मात्र शुक्रवार, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी सांगते, आणि नवख्या अभ्यासकाला येथे विरोध वाटतो. नोंद पूर्ण वाचावी: तीन घटी रात्र उरली असता महाराज सिंहासनी बसले, असे तीत आहे. तीन घटी म्हणजे ७२ मिनिटे. सूर्योदय व्हायचा होता. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून तो शुक्रवारच राहिला. मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या गणनेने शनिवार लागला होता. सूर्योदयाची द्वादशीही तोवर संपून त्रयोदशी सुरू झाली होती. रात्रीची घटना असेल तर एका दिवसाचा फरक चूक मानण्याआधी प्रहर किंवा घटी पाहावी. हिजरी दिवस तर सूर्यास्तालाच सुरू होतो.

उत्तरेकडील पत्र असेल तर वद्य पक्षाचा महिना तपासावा, कारण तेथे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला फाल्गुन वद्य तेथे चैत्र कृष्ण म्हणवतो. सरकारी राष्ट्रीय पंचांगाचा शक २२ मार्च १९५७ पासून लागू झाला आहे व त्याचे महिने सौर आहेत. जुन्या तिथीसाठी ते वापरू नये.

शेवटी लिहिताना मूळ तिथी आधी द्यावी, मग इसवी तारीख, आणि १७५२ पूर्वीची असेल तर ती जुन्या पद्धतीची की नव्या, हे तेथेच नोंदवावे. वार जुळला असेल तर ‘वार जुळतो’ असे लिहावे. दिलेला नसेल तर तसे लिहावे आणि फक्त वर्षाची खात्री असेल तर ‘१७७०-७१’ असे दुहेरी वर्ष देऊन थांबावे.